पांढरे कपडे आणि ऋतूंचा दंडक

चैत्र लागला, ऊन तापू लागले, की आपल्याकडे पेटीतून पांढरे सदरे आणि सुती पातळे बाहेर निघतात. यात काही इतिहास असेल असे कोणास वाटत नाही. उन्हाळ्यात पांढरे घालावे हा निसर्गाचाच नियम, असे आपण धरून चालतो. परंतु पोशाखाच्या इतिहासात निसर्गाच्या नावावर खपणारे पुष्कळसे नियम माणसांनीच केलेले असतात. ते कोणी व का केले हे शोधू लागलो, की त्या समाजाची घडण उलगडू लागते. अमेरिकेतील एका रूढीच्या आधारे आपण हे पाहू.

ती रूढी अशी. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत ‘लेबर डे’ म्हणजे कामगारदिन पाळतात. त्या दिवसानंतर पांढरे कपडे घालावयाचे नाहीत. ते मे महिन्याच्या अखेरीस, ‘मेमोरियल डे’च्या सुमारास पुन्हा काढावयाचे. आज हा दंडक पुष्कळ सैल झाला आहे. पण एके काळी तो मोडणारी बाई प्रतिष्ठित मंडळींत गावंढळ ठरे.

कोणी म्हणेल, पांढरा रंग ऊन परतवतो, म्हणून तो उन्हाळ्याचा. यात नवल ते काय? हे अंशतः खरे आहे. पण मग वाळवंटातले बेदुइन काळे झगे कसे घालतात? काही शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली आणि १९८० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. काळा झगा पांढऱ्याहून अधिक तापला खरा. परंतु वस्त्र सैल असल्यामुळे ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोचण्यापूर्वीच निघून गेली. शिवाय सप्टेंबरच्या एका सोमवारी ऊन काही एकाएकी संपत नाही. तेव्हा या दंडकाचे मूळ केवळ हवेत सापडणार नाही.

ते सापडते धुण्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मोठी शहरे धुराने काजळलेली असत, आणि रस्त्यांत घोडागाड्यांमुळे लीद आणि चिखल असे. अशा ठिकाणी पांढरे घालावयाचे म्हणजे रोज नवा जोड हवा. उन्हाळा आला की धनिक कुटुंबे न्यूपोर्टसारख्या समुद्रकाठच्या गावी जात. तेथे धूर नव्हता आणि कामाची घाईही नव्हती. पांढरे तेथे शोभे. सप्टेंबरात मंडळी शहरात परतली की ते कपडे पेट्यांत जात. म्हणजे पांढरा पोशाख ही आपल्याला सुट्टी परवडते याची जाहीर खूणच होती. पुढे कारखानदारीने नवे श्रीमंत निर्माण झाले, तेव्हा जुन्या घराण्यांना आपला कोण आणि उपरा कोण हे ओळखावयास असले बारीक नियम फार सोयीचे पडले.

यातील विसंगती पाहा. न्यूयॉर्कच्या कामगारांनी ५ सप्टेंबर १८८२ रोजी मिरवणूक काढली, आणि १८९४ साली कामगारदिन राष्ट्रीय सुट्टीचा दिवस झाला. राबणाऱ्यांच्या त्या दिवसावरून श्रीमंत आपल्या विश्रांतीचा शेवट मोजू लागले!

पण श्रीमंतांचे हे पांढरे कपडे पांढरे ठेवीत होते कोण? याचे उत्तर दक्षिणेतील अटलांटा शहरात मिळते. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, त्यांतल्या कित्येक पूर्वाश्रमीच्या गुलाम, लोकांचे धुणे घरी आणीत, विहिरीचे पाणी वाहून आणीत, कपडे उकळीत, खळ देत आणि जड इस्त्र्या फिरवीत. १८८१ च्या जुलैत सुमारे २० जणींनी संघटना काढून संप पुकारला. मागणी एकच होती: १२ पौंड धुण्याला १ डॉलर, असा सर्वत्र सारखा दर. तीन आठवड्यांत संपवाल्या ३,००० वर गेल्या. काहींना अटक झाली, दंड झाले. प्रत्येकीवर वर्षाला २५ डॉलर परवाना-कर बसवावा, असा प्रस्ताव नगरसभेपुढे आला. त्यांनी महापौरांना कळविले, की कर हवा तर घ्या. पण मग शहराचे सारे धुणे आमच्या हाती राहू द्या. तो कर शेवटी बसला नाही. शुभ्रतेच्या इतिहासात या बायांचे पान पहिले असावयास हवे.

ऋतूंचे दंडक मोडणाऱ्यांचे काय होई? ते माणसामाणसावर अवलंबून असे. डिसेंबर १९०६ मध्ये, ऐन थंडीत, मार्क ट्वेन वॉशिंग्टनला लेखनहक्काच्या कायद्याविषयी साक्ष देण्यास नखशिखांत पांढऱ्या पोशाखात गेले. वय ७१ आणि कीर्ती जगभर. लोकांनी कौतुकच केले. उलट १९२२ च्या सप्टेंबरात, गवती टोप्या वापरण्याची मुदत संपण्यास दोन दिवस असतानाच, न्यूयॉर्कमध्ये टवाळ पोरांनी वाटसरूंच्या टोप्या हिसकावून चिरडण्यास सुरुवात केली. दंगल काही दिवस चालली आणि पोलीस बोलवावे लागले. वर घडलेला शिष्टाचार खाली उतरला, की कधीकधी त्याची काठी होते, ती अशी.

आता आपल्याकडे वळू. गांधीजींनी टोपीसाठी पांढरा रंग का निवडला, याचे त्यांनी काका कालेलकरांना सांगितलेले कारण मोठे मार्मिक आहे: पांढऱ्यावर घाम व मळ चटकन दिसतो, म्हणून ती वरचेवर धुवावी लागते. न्यूपोर्टच्या धनिकांना पांढरे प्रिय होते, कारण ते मळते आणि धुवावयास दुसरे कोणी असते. गांधीजींना ते प्रिय होते, कारण ते मळते आणि आपले आपण धुता येते. रंग तोच, पण अर्थ उलटा झाला. जे वस्त्र स्वतः धुवावयाचे त्याला ऋतूचे बंधन कसले? १९३१ च्या नोव्हेंबरात, लंडनच्या थंडीत, ते पंचा नेसून आणि शाल पांघरूनच बादशहांच्या राजवाड्यात गेले.

आपल्या भाषेत स्वच्छ, कडक कपड्यांना ‘परीटघडीचे कपडे’ म्हणतात. इतर भाषांत शुभ्रता एकटीच मिरवीत असेल. मराठीने मात्र त्या शब्दात परिटाला जागा दिली आहे. या उन्हाळ्यात पांढरा सदरा अंगात चढविताना त्या शब्दाचा पूर्वार्धही आठवावा, एवढेच सांगणे आहे.