मातला नदीकाठचे बंदर आणि वादळाच्या विम्याचे गणित

1853 साली कोलकात्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. हुगळी नदी गाळाने भरून कोलकाता बंदर निरुपयोगी होईल, अशी भीती तेव्हा व्यापाऱ्यांना वाटत होती. म्हणून शहराच्या आग्नेयेस, सुंदरबनाच्या वेशीवर, मातला नदीकाठी पर्यायी बंदर उभारण्याचा बेत होता. या जागी वसणाऱ्यांनी एखाद्या चक्रीवादळात समुद्राचे खारे पाणी अंगावर चालून येईल हे गृहीत धरावे, असे पिडिंग्टन यांनी बजावले.

हा इशारा वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून आला होता. बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांच्या रोजनिशा जमवून, त्यांतील वाऱ्याच्या दिशा आणि वायुभारमापकाची वाचने नकाशावर मांडून ते वादळांचे मार्ग रेखाटत असत. ही वादळे सापाच्या वेटोळ्यासारखी फिरतात, म्हणून 1848 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हे नाव सुचवले. आज ते जगभर रूढ आहे.

इशारा मात्र दुर्लक्षिला गेला. नव्या बंदराला पुढचे गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांचे नाव मिळाले आणि 1863 पर्यंत तेथे रेल्वेही पोहोचली. जमीन विकसित करण्यासाठी कंपनी निघाली. मुंबईत त्या काळी कापसाच्या पैशामुळे समभागांचा सट्टा ऐन भरात होता. या कंपनीचे समभाग तेथेही विकले गेले. 5 ऑक्टोबर 1864 च्या चक्रीवादळाने कोलकाता आणि हुगळीच्या परिसरात सुमारे 60,000 माणसे दगावली, तरी बंदराचे काम चालूच राहिले. पिडिंग्टन 1858 मध्येच निवर्तले होते. 1 नोव्हेंबर 1867 रोजी वादळ थेट कॅनिंगवर आले. सुमारे 6 फूट उंचीची लाट गावावरून गेली, स्थानक आणि गोदामे उद्ध्वस्त झाली, आणि काही वर्षांतच बंदराचा कारभार गुंडाळला गेला. ‘मातला’ या बंगाली नावाचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही.

या आपत्तींचा एक धडा विज्ञानाने लवकर घेतला. 1865 पासून कोलकाता बंदराला वादळाचे इशारे मिळू लागले आणि 1875 मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. दुसरा प्रश्न मात्र शतकभर अनुत्तरित राहिला. वादळाच्या वाटेवर बांधलेल्या मालमत्तेची जोखीम पैशांत कशी मोजायची?

विम्याचे शास्त्र तोवर बाल्यावस्थेत नव्हते. एडमंड हॅली यांनी 1693 मध्येच ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचे कोष्टक मांडले होते. कोलकात्यातही 1818 मध्ये ओरिएंटल ही आयुर्विमा कंपनी आणि 1850 मध्ये ट्रायटन ही सर्वसाधारण विमा कंपनी निघाली होती. पण हे शास्त्र एका गृहीतकावर उभे आहे. एकाच्या मृत्यूचा किंवा एका घराच्या आगीचा दुसऱ्याशी संबंध नसावा. हजारो स्वतंत्र घटना एकत्र आल्या की सरासरी स्थिर राहते आणि हप्ता ठरवता येतो. चक्रीवादळ हे गृहीतकच मोडते. अनेक वर्षे दावा येत नाही, आणि मग एका रात्रीत किनाऱ्यावरची सगळी घरे एकदम पडतात. म्हणूनच एकाच किनारी गावात दहा सदनिका घेऊन त्या भाड्याने देणाऱ्याने आपली जोखीम दहा ठिकाणी वाटलेली नसते. ती त्याने एका जागी साठवलेली असते. एकाच राज्यात विमा विकणाऱ्या कंपनीचेही तसेच आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने याची किंमत मोजली. 1970 आणि 1980 च्या दशकांत तेथे मोठी चक्रीवादळे क्वचितच आली. त्याच काळात किनाऱ्यावर वस्ती झपाट्याने वाढली. त्यांत भाड्याने देण्यासाठी आणि गुंतवणूक म्हणून घेतलेली घरेही पुष्कळ होती. कंपन्या मागील काही दशकांच्या दाव्यांवरून हप्ते ठरवत होत्या आणि शांत दशकांनी ते हप्ते खोटे स्वस्त ठेवले. कॅरेन क्लार्क यांनी 1987 मध्ये स्थापन केलेली संस्था वेगळ्या पद्धतीने हिशेब करत होती. ती वादळांचे भौतिकशास्त्र आणि घरांची आजची संख्या व किंमत यांची सांगड घाली. तिचे आकडे अनेक विमाकारांना अतिरंजित वाटत. 24 ऑगस्ट 1992 रोजी ‘अँड्र्यू’ चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेस धडकले. त्याच दिवशी क्लार्क यांनी विमा उतरवलेले नुकसान 13 अब्ज डॉलरांच्या वर जाऊ शकेल, असा अंदाज दिला. अंतिम आकडा सुमारे 15.5 अब्ज डॉलर निघाला आणि 11 विमा कंपन्या बुडाल्या.

त्यानंतर संगणकीय प्रतिमाने विमाव्यवसायाचा पाया बनली. त्यांच्या तीन पायऱ्या असतात. आधी ऐतिहासिक नोंदी आणि वातावरणाच्या नियमांवरून हजारो वर्षांत येऊ शकतील अशी काल्पनिक वादळे संगणकात निर्माण केली जातात. मग प्रत्येक वादळात प्रत्येक ठिकाणचा वारा आणि पाण्याची उंची काढली जाते. शेवटी कौलारू, पत्र्याच्या किंवा काँक्रीटच्या घराची त्या वाऱ्यात किती हानी होईल, हे ठरवले जाते.

एक उदाहरण घेऊ. घर पुन्हा बांधण्याचा खर्च 50 लाख रुपये आहे आणि दर वर्षी 100 त 1 इतक्या शक्यतेने त्याचे निम्मे नुकसान होऊ शकते. वार्षिक सरासरी हानी 25,000 रुपये येते. हप्ता त्याहून जास्तच असतो, कारण सर्व दावे एकदम आले तरी ते फेडण्याइतके भांडवल कंपनीला बाळगावे लागते किंवा पुनर्विमा घ्यावा लागतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा शब्दप्रयोगही फसवा आहे. 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असे वादळ एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के भरते.

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर या इतिहासाचे पुढचे पान लिहिले जात आहे. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे 10,000 माणसे मृत्युमुखी पडली. 3 मे 2019 रोजी ‘फनी’ पुरीजवळ धडकले तेव्हा 10 लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले गेले होते आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. अचूक पूर्वानुमान आणि निवारे यांनी माणसे वाचवली. घरे, लॉज आणि भाड्याच्या खोल्या मात्र कोणाला हलवता येत नाहीत.

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. भाड्याने घर देणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यातील काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीच्या बाजारभावावर नव्हे. वादळ, चक्रीवादळ आणि पूर एकाच कलमात येतात. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वारा असतो, पूर नसतो. त्यामुळे भिंत वाऱ्याने पडली की पाण्याने, यावर 2005 च्या ‘कॅटरिना’नंतर न्यायालयात दीर्घ वाद झाले. विमित हानीमुळे घर राहण्यायोग्य न उरल्यास बुडालेल्या भाड्याची भरपाईही या पॉलिसीत आहे. भाडेकरूच्या सामानाला मात्र घरमालकाचा विमा लागू होत नाही. त्याने स्वतःचा विमा घ्यावा लागतो.

पॉलिसी प्रमाणित झाली, तरी हप्त्यामागचे गणित नोंदींवरच चालते. किती उंचीवर कोणते घर आहे, छत कशाचे आहे आणि मागच्या वादळात पाणी कुठवर आले होते, याची माहिती जितकी नेमकी, तितकी जोखमीची किंमत खरी. पिडिंग्टन यांच्याकडे उपग्रह नव्हते, संगणक नव्हता. जहाजांच्या रोजनिशांवरून त्यांनी मातलाकाठची जोखीम बरोबर ओळखली होती. त्या जागेवर पैसा लावणाऱ्यांनी ती हिशेबात घेतली नाही.