नावे राहिली, पेठ गेली

पेठ कशाने होते, दगडविटांनी की माणसांनी? प्रश्न भोळा वाटेल खरा. परंतु भूमध्य समुद्राच्या पूर्वकिनाऱ्यावरील बैरूत नगरीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास चाळला, म्हणजे तो किती बिकट आहे हे ध्यानी येते.

बैरूत ही लेबनॉनची राजधानी. तिच्या मध्यवस्तीत, बंदरापासून जवळच जुने 'सूक' होते. सूक म्हणजे आपली पेठ. सूक तवीला ही लांब पेठ, सूक जमील ही सुंदर पेठ; शिवाय सराफांची पेठ निराळी. मुसलमान आणि ख्रिस्ती दुकानदार तेथे शेजारीशेजारी बसत. १९७५ साली यादवी पेटली. शहर पूर्व आणि पश्चिम असे दुभंगले आणि दोहोंमधली सीमारेषा नेमकी या मध्यवस्तीतून गेली. १९९० साली तोफा थंडावल्या, तेव्हा पेठेच्या जागी भगदाडे पडलेल्या भिंती उरल्या होत्या.

येथवर दोष युद्धाचा. पुढची हकीकत शांततेच्या काळातली आहे, आणि मला तीच अधिक विचार करण्याजोगी वाटते. १९९१ च्या कायद्याच्या आधारे १९९४ साली 'सॉलिदेर' ही कंपनी निघाली. मध्यवस्तीतील घरमालकांचे व भाडेकरूंचे हक्क तिच्या भागांत रूपांतरित झाले. ज्याच्या कनवटीला दुकानाची किल्ली होती, त्याच्या हाती भागपत्र आले! दुरुस्त होण्याजोग्या इमारतीही पाडल्या गेल्या, असा आक्षेप आसेम सलाम यांच्यासारख्या तेथल्याच स्थापत्यविशारदांनी घेतला.

२००९ साली नवे सूक उघडले. स्पॅनिश स्थपती राफाएल मोनेओ यांनी जुन्या गल्ल्यांच्या रेषा जपल्या, नावेही तीच ठेवली. १५१७ सालची एक लहानशी घुमटी तेवढी मूळ रूपात राहिली. बांधणीत नाव ठेवायला जागा नव्हती. मात्र गाळ्यांत युरोपातील उंची पोशाख आले आणि तळघरात मोटारी. जुना शिंपी, जुना भाजीवाला काही परतला नाही. पुढे २०१९ साली आर्थिक अरिष्ट ओढवले आणि ४ ऑगस्ट २०२० रोजी बंदरातील स्फोटाने या मॉलच्या काचाही फुटल्या.

बैरूतच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर त्रिपोली आहे. लिबियातले नव्हे, लेबनॉनमधलेच. तेथे मामलूक सुलतानांच्या अमदानीतले सूक अजून नांदते आहेत. तांबटांची आळी आहे, साबणवाल्यांची सराई आहे, चौदाव्या शतकातली शिंप्यांची सराई आहे. त्रिपोलीत दारिद्र्य फार. जुन्या इमारतींना डागडुजी हवी. मी त्या दारिद्र्याचे कौतुक करीत नाही. पण वाचकहो, तेथे दुकान आणि दुकानदार यांची ताटातूट झालेली नाही, हे मोलाचे आहे.

पडकी भिंत पुन्हा उभारता येते, गल्लीला जुने नाव देता येते. परंतु गिऱ्हाइकाच्या आजोबांनाही ओळखणारा दुकानदार कोणत्याही नकाशात आखता येत नाही. बैरूतकरांना त्यांची पेठ परत हवी होती. त्यांना मिळाली ती तिची पाटी.