पाचपैकी किती? एका अंदाजामागचा इतिहास

१/ दरवर्षी मे महिन्यात अमेरिकेतील लाखो शालेय विद्यार्थी ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अर्थात एपी परीक्षा देतात. निकाल लागतो जुलैमध्ये. मधल्या काळात अनेकांचा एकच उद्योग असतो: १ ते ५ पैकी आपली श्रेणी कोणती, याचा अंदाज बांधणे. हा अंदाज अनेकदा का हुकतो, याचे मूळ सत्तर वर्षांपूर्वीच्या एका पेचात आहे.

२/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञांना एक गोष्ट खटकू लागली. हुशार विद्यार्थी शाळेच्या अखेरच्या वर्षांत जे शिकत, तेच महाविद्यालयात पुन्हा गिरवत. १९५०च्या दशकारंभी फोर्ड फाउंडेशनच्या निधीतून यावर दोन अभ्यास झाले. एकात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन ही विद्यापीठे होती; दुसऱ्याचे नेतृत्व केनयन महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्याकडे होते.

३/ शाळेतच महाविद्यालयीन दर्जाचे शिक्षण द्यावे, हा विचार पुढे आला. पण दूरच्या एखाद्या शाळेने दिलेल्या गुणांवर महाविद्यालयाने विश्वास का ठेवावा? उत्तर निघाले: सर्वांसाठी एकच बाह्य परीक्षा. १९५५मध्ये कॉलेज बोर्डाने ही योजना हाती घेतली. १९५६च्या परीक्षेला १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थी बसले.

४/ म्हणून एपीची श्रेणी टक्केवारी सांगत नाही. ती महाविद्यालयाला केलेली शिफारस असते: ५ म्हणजे ‘अत्यंत पात्र’, ३ म्हणजे ‘पात्र’, १ म्हणजे ‘शिफारस नाही’. श्रेयांक द्यायचे की नाही, हे प्रत्येक महाविद्यालय स्वतः ठरवते.

५/ गणित तसे सोपे आहे. ‘कॅल्क्युलस एबी’मध्ये ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि प्रत्येकी ९ गुणांचे ६ लेखी प्रश्न, अशी रचना रूढ झाली. दोन्ही भागांचे वजन समान राखण्यासाठी बहुपर्यायी गुणांना १.२ने गुणतात. ३० उत्तरे बरोबर, म्हणजे ३६, लेखी ३०, एकूण १०८पैकी ६६.

६/ पण हे ६६ गुण ४मध्ये मोडतात की ५मध्ये? ती सीमारेषा दरवर्षी तीच नसते. प्रश्नपत्रिका अवघड निघाली तर रेषा खाली येते, सोपी निघाली तर वर जाते. ती आखताना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तेच प्रश्न देऊन तुलना करण्याचीही पद्धत होती. विद्यार्थी स्वतःचे गुण मोजू शकतो. रेषा मात्र त्याच्या हाती नसते.

७/ नियमही बदलले. २०१०पर्यंत चुकीच्या बहुपर्यायी उत्तराला पाव गुण कापला जाई. २०११पासून ही कपात बंद झाली. जुन्या सूत्राने केलेला हिशेब त्यामुळे आज निरुपयोगी ठरतो.

८/ विश्वासाच्या पायावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेची खरी कसोटी १९८२मध्ये लागली. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये बोलिव्हियाहून आलेले शिक्षक हाइमे एस्कालांते यांचे १८ विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये उत्तीर्ण झाले. वस्ती गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची. उत्तरांतील चुका सारख्या असल्याचे सांगत परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १४ जणांवर संशय घेतला.

९/ त्यांपैकी १२ जण पुन्हा परीक्षेला बसले आणि सर्व उत्तीर्ण झाले. शाळेच्या शब्दावर विसंबावे लागू नये, म्हणून जन्मलेल्या परीक्षेने या मुलांना मात्र आपली पात्रता दोनदा सिद्ध करायला लावली. १९८८च्या ‘स्टँड अँड डिलिव्हर’ या चित्रपटाने ही घटना घरोघरी पोहोचवली.