मलकीसदेक : संहितेतील मौन आणि पूर्वरूपाची घडण

‘उत्पत्ती’च्या चौदाव्या अध्यायात मलकीसदेक अवघ्या तीन वचनांपुरता येतो. चार राजांना हरवून, पुतण्या लोट याची सुटका करून परतणाऱ्या अब्रामाला शालेमचा हा राजा भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा जातो. तो परात्पर देवाचा याजक असल्याचे सांगितले जाते. तो अब्रामाला आशीर्वाद देतो आणि दशमांशाची देवघेव होते. (कोणी कोणाला दिला, हे मूळ हिब्रू वाक्यात उघड नाही, कर्ता अध्याहृत आहे.) त्यानंतर हिब्रू बायबलात त्याचे नाव पुन्हा एकदाच, ११०व्या स्तोत्रात, येते. तेथे एका राजाला मलकीसदेकाप्रमाणे युगानुयुग याजक म्हटले आहे. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर ख्रिस्ती अर्थपरंपरेने जी इमारत उभी केली, तिचा पाया संहितेने सांगितलेल्या गोष्टींपेक्षा न सांगितलेल्या गोष्टींत अधिक आहे.

हा पाया घातला ‘इब्री लोकांस पत्र’ या पहिल्या शतकातील लेखनाच्या अज्ञात कर्त्याने. त्याच्यापुढील अडचण नेमकी होती. याजकपद लेवीच्या वंशाचे आणि येशू यहूदाच्या वंशातला. मग त्याला महायाजक कोणत्या अधिकाराने म्हणावे? वंशावळींनी गजबजलेल्या ‘उत्पत्ती’त मलकीसदेकाची मात्र वंशावळ नाही, जन्म नाही, मृत्यूही नाही. पत्रकर्ता या अनुल्लेखालाच विधानाचे मोल देतो. ज्याचा पिता, माता, आरंभ आणि अंत सांगितलेला नाही, तो त्यांच्याविना आहे. शिवाय लेवी त्या वेळी पणजोबा अब्राहामाच्या देहात बीजरूपाने होता. म्हणजे दशमांश त्यानेही दिला आणि कनिष्ठत्व पत्करले. युक्तिवाद चतुर आहे, काहीसा वकिली थाटाचाही. परंतु लक्षणीय आहे ती उपमेची दिशा. येथे मलकीसदेकाला देवपुत्रासारखा केलेला म्हटले आहे. कालक्रमाने नंतरचा तो मूळ आणि आधीचा त्याची प्रतिकृती.

काळाची ही उलटापालट हेच पूर्वरूपमीमांसेचे मर्म होय. (जुन्या आणि नव्या कराराला ‘पैलें’ व ‘दुसरें’ पुराण म्हणून जोडणाऱ्या फादर स्टीफन्सच्या १६१६च्या ‘क्रिस्तपुराणा’मुळे हे नाते मराठीलाही परके नाही.) एरिक आउअरबाख याने ‘फिगुरा’ या १९३८च्या निबंधात तिला रूपकापासून वेगळे काढले. रूपकात पहिली वस्तू अर्थासाठी केवळ वाहन असते. पूर्वरूपात पहिली आणि दुसरी अशा दोन्ही घटना ऐतिहासिक, सदेह राहतात. ज्यू असल्यामुळे मारबुर्गची प्राध्यापकी गमावून आउअरबाख इस्तंबूलला आला होता आणि जर्मनीत जुना करार ख्रिस्ती धर्मातून हद्दपार करण्याची भाषा चालली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या भेदामागील निकड कळते. जुन्याचे वास्तव नाकारले तर नव्याला आधारच उरत नाही, हे तेर्तुलियनने दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधीवर मार्सियनला सुनावले होते. तथापि मलकीसदेकापाशी आउअरबाखचा भेद डळमळतो. ज्याचे गतचरित्र पुसले गेल्यामुळेच तो अर्थपूर्ण ठरतो, त्याचा देह आणि इतिहास कुठे राखायचा?

आज मलकीसदेक म्हटले की आठवतात ते भाकर आणि द्राक्षारस; त्यांविषयी पत्रकर्ता चकार शब्द काढत नाही. त्यांचे महत्त्व नंतर वाढले. इ. स. २५३च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन, प्रभुभोजनाच्या प्याल्यात नुसते पाणी घेणाऱ्यांविरुद्ध लिहिताना, मलकीसदेकाचा द्राक्षारस पुराव्यादाखल मांडतो. सहाव्या शतकात राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमधील कुट्टिमचित्रात तो हाबेलासमोर वेदीशी उभा दिसतो. वेदीवर भाकरी आणि प्याला. तीन वचनांतल्या त्या रस्त्यावर वेदी कोठेच नाही.

वेदीला वाट करून दिली एका अव्ययाने. हिब्रूत, त्याने भाकर व द्राक्षारस आणला ‘आणि’ तो याजक होता, अशी साधी जोडणी आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ‘आणि’च्या जागी ‘कारण’ आले. आणणे याजककर्म झाले, भाकर अर्पण झाली. सोळाव्या शतकात काल्व्हिनने यावरच बोट ठेवले : भाकर थकलेल्या सैन्यासाठी होती आणि पत्रकर्त्याचे मौन पुरेसे बोलके आहे. त्रेंतच्या परिषदेने १५६२ साली मिस्साच्या यज्ञरूपाची मांडणी करताना मलकीसदेकाचे नाव घेतलेच. एकाच पत्रातील दोन मौनांपैकी कोणते बोलके मानायचे, यावर पंथ विभागले गेले होते.

ज्यू वाचनाने तर मौन मानलेच नाही. तार्गुमांनी मलकीसदेक म्हणजे नोहाचा पुत्र शेम असे सांगून वंशावळ पुरवली. ‘नदारीम’ या तालमूद-प्रकरणात, त्याने देवाआधी अब्राहामाला धन्य म्हटले म्हणून याजकपद त्याच्याकडून अब्राहामाकडे गेले, असे वाचन आहे. स्तोत्रातील ‘दिब्राती’ या शब्दाचा ‘प्रमाणे’ हा अर्थ सोडून तेथे ‘बोलण्यामुळे’ असा अर्थ घेतला जातो. तेच स्तोत्र, तोच शब्द. एकीकडे शाश्वत याजकपदाची सनद, दुसरीकडे ते काढून घेतल्याची नोंद.

१९५६ साली कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या एका हस्तलिखिताच्या तुकड्यांनी प्रश्न आणखी अवघड केला. त्यांत मलकीसदेक शेवटच्या योबेल-काळात बंदिवानांना सोडवणारा, दुष्टांचा न्याय करणारा स्वर्गीय पुरुष आहे. भाकर, द्राक्षारस वा दशमांश यांचा मागमूस नाही. हा लेख ‘इब्री’ पत्राच्या आधीचा आहे. म्हणजे पत्रकर्त्याने ज्या रिकाम्या जागेत अर्थ भरला, ती त्याच्या काळच्या सर्वच वाचकांना रिकामी दिसत नव्हती.