बायपास, बफर आणि मी

मागच्या आषाढातली गोष्ट. ब्रँचमधून घरी आलो तर सौभाग्यवती दारातच उभी. चेहरा पडलेला. मी चपला काढायच्या आत तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, मला खुर्चीत बसवलं आणि न मागता पाणी दिलं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला न मागता पाणी मिळालं की तो घाबरतो. मीही घाबरलो.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" ती म्हणाली.

"काय?"

"बायपासचं."

उलगडा व्हायला पाऊण तास गेला. आमचे चिरंजीव मित्राशी फोनवर बोलत होते, "बायपासच घ्यावा लागेल रे, बफरवाला नको. बाबांना पैशांचं विचारतो." एवढं आईच्या कानावर पडलं होतं. त्यात मी गेला महिनाभर जिना चढताना थांबत होतो. (तो दमाने नव्हे, वरच्या मजल्यावरच्या साहेबांमुळे. पण ते घरी सांगता येत नाही.)

बायपास हा शब्द मला दोनच ठिकाणी ठाऊक होता, हृदयाला आणि गावाला. बफर म्हणजे रेल्वेच्या डब्यांना पुढून-मागून लावलेल्या त्या लोखंडी थाळ्या. आता कळलं की गिटारलाही या दोन्ही गोष्टी असतात, आणि त्यावरून जगातले गिटारवाले एकमेकांची तोंडं पाहत नाहीत. चिरंजीव बारावीला आहेत. गणपतीत त्यांना कॉलनीच्या मंडळापुढे वाजवायचं होतं. गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये पायाने दाबायच्या डब्या असतात. त्यांना पेडल म्हणतात. एक आवाज फाटका करते, एक घुमवते, एक तोच आवाज पुन्हापुन्हा ऐकवते. (ही शेवटची डबी आमच्या घरात लग्नापासून आहे.) चिरंजीवांकडे अशा चार होत्या आणि पाचवी हवी होती. तक्रार अशी, की इतक्या डब्यांतून जाताजाता गिटारचा 'टोन' मरतो.

मी बी.कॉम. माणूस. पैसे द्यायचे तर व्हाउचर पाहिजे. म्हणून हा टोन नक्की कुठे मरतो, केव्हापासून मरतो आणि त्याला जबाबदार कोण, याची चौकशी मी सुरू केली. ती करताकरता थेट १८५८ सालापर्यंत गेलो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक समुद्राच्या तळाशी तारेची पहिली केबल पडली. व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला. तो पोचायला सुमारे १६ तास लागले. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं. हा वेग मी आमच्या काउंटरवर पाहिलेला आहे, पण ते असो.

असं का झालं? यासाठी आमच्याकडचा पाट डोळ्यांसमोर आणा. धरणातून पाणी सोडलं की पहिलं पाणी पाटच पितो. टेलच्या शेतकऱ्याला ते उशिरा मिळतं आणि जोर गेलेलं मिळतं. आता वर कोणी दार भराभर उघडझाप करू लागला, तर टेलला ती उघडझाप कळतच नाही, नुसती संथ धार लागते. सावकाश उघडलं-मिटलं तर मात्र कळतं. लांब केबलचंही हेच. आतली तार आणि भोवतालचं पाणी यांच्यामध्ये विजेचा साठा होतो. तो भरल्याशिवाय पुढे काही सरकत नाही आणि भराभर केलेले फरक वाटेतच पुसले जातात. ग्लासगोच्या विल्यम थॉमसन या प्राध्यापकाने, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, आधीच गणित मांडलं होतं: लांबी दुप्पट तर विलंब चौपट. पण कंपनीचे इलेक्ट्रिशियन होते वाइल्डमन व्हाइटहाउस. हे मूळचे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. त्यांना हा हिशेब मान्य नव्हता. ऐकू येत नाही ना? मग जोरात ओरडा! त्यांनी दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब दिला आणि तीनेक आठवड्यांत केबलने मान टाकली. बायपासला सर्जन चालतो, केबलला चालत नाही.

जोरात ओरडण्याचा हा उपाय माझ्या वडिलांनाही मान्य होता. १९८८ च्या सुमाराची गोष्ट. वाशीमहून मुंबईला काकांना ट्रंक कॉल लावायचा होता. आत्याच्या लग्नाचं ठरत होतं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे तीन वर्ग होते. वडिलांनी अर्जंट लावला म्हणजे प्रसंग किती गंभीर, ते ओळखा. दोन तासांनी घंटी वाजली आणि वडील अशा आवाजात बोलू लागले की टेलिफोनची गरज नव्हती. तरी काकांना काही ऐकू जाईना. शेवटी मधल्या एक्स्चेंजमधल्या बाई बोलल्या, "थांबा, मी सांगते त्यांना." मग वडील म्हणत, "मुलगा शिक्षक आहे," आणि बाई पुढे म्हणत, "मुलगा शिक्षक आहे हो." काका तिकडून काही म्हणत, बाई इकडे सांगत. आत्याचं सगळं भवितव्य त्या अनोळखी बाईंच्या तोंडून ये-जा करत होतं. शेवटी काका गप्प झाले तेव्हा बाईंनी स्वतःहूनच सांगितलं, "ते विचार करताहेत. पण मी म्हणते, होकार कळवून टाका." होकार कळवला. आत्याचं चांगलं चाललं आहे.

या बाई म्हणजे बफर. हे मला चिरंजीवांच्या गिटारने पस्तीस वर्षांनी शिकवलं.

अशी माणसं त्याआधीही होती आणि त्यातली काही थेट मुंबईच्या तारेवर होती. १८७० च्या फेब्रुवारीत 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज मुंबईहून केबल टाकत एडनकडे निघालं. मूळ ते प्रवाशांसाठी बांधलेलं. त्या धंद्यात बुडालं आणि केबल टाकण्यात नावारूपाला आलं. (कॉमर्सच्या पोरांना हे उदाहरण द्यायला हवं.) जूनपर्यंत मुंबई, एडन, सुएझ, माल्टा, जिब्राल्टर असं करत लंडन जोडलं गेलं. त्याआधी तुर्कस्तान-इराणमार्गे जमिनीवरून येणारा संदेश कित्येक दिवस घ्यायचा आणि येताना ओळखू न येण्याइतका बदललेला असायचा. आता उत्तर कितीतरी लवकर येऊ लागलं. पण मुंबईची टिकटिक सलग लंडनला जात नसे, हे लक्षात घ्या. प्रत्येक मुक्कामावर अंधाऱ्या खोलीत एक कारकून बसे. थॉमसनच्याच यंत्रातल्या इवल्याशा आरशावरून पडलेला प्रकाशाचा ठिपका डावीकडे हलला की उजवीकडे, हे तो बघे. दुसरा लिहून घेई आणि पुढच्या केबलवर नव्या जोमाने तोच मजकूर पाठवी. थकून आलेला इशारा त्या खोलीत हातपाय धुऊन ताजातवाना होई आणि पुढे निघे. इतिहासात नाव झालं थॉमसनचं. साम्राज्य चाललं त्या कारकुनांवर.

एका कारकुनाचं नाव मात्र उरलं. ऑलिव्हर हेविसाइड, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला तार कंपनीत नोकरी करणारा. १८७४ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि घरी बसून गणित करत राहिला. १८८७ च्या सुमाराला त्याने दाखवून दिलं की तारेचा 'इंडक्टन्स' मुद्दाम वाढवला तर आवाज कमी बिघडतो. पोस्टखात्याचे बडे अधिकारी प्रीस यांनी ते उडवून लावलं. पुढे १९०० च्या सुमाराला अमेरिकेत प्युपिनने त्याच तत्त्वावरच्या कॉइलचं पेटंट घेऊन पैसा केला. हेविसाइडला काय मिळालं ते मी सांगत नाही. क्लार्क मंडळींनी ओळखावं.

आता गिटारकडे येतो, कारण चिरंजीव दारात उभे आहेत.

इलेक्ट्रिक गिटारच्या पोटात लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या तारेचे काही हजार वेढे. यातून निघणारा इशारा फार अशक्त. त्याच्यापुढे सहा मीटर केबल, मग चार डब्या, मग पुन्हा सहा मीटर. प्रत्येक मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड साठवण. म्हणजे तोच अटलांटिक, फक्त सतरंजीवर. उंच स्वर, म्हणजे तारेवरची ती चकाकी, वाटेत मुरते. शिवाय १९६७ च्या सुमाराला आलेलं 'वॉ' पेडल बंद केलं तरी सर्किटचं एक टोक वाटेला चिकटलेलंच राही आणि आवाज शोषत बसे. रजेवर असूनही टेबलाच्या किल्ल्या घरी घेऊन जाणारा माणूस, तसं.

त्यावर दोन पंथ निघाले. एक बफरचा. जपानच्या बॉस कंपनीने १९७७ पासून छोटी पेडल काढली, ती बंद असली तरी आतला बफर चालूच. तो गिटारकडून जवळजवळ काहीच मागत नाही आणि पुढे मात्र दणकट इशारा पाठवतो. दुसरा पंथ 'ट्रू बायपास'चा. याची टूम आली १९९० च्या दशकात. बटण दाबलं की डबी रस्त्यातून पूर्ण बाजूला, जणू नाहीच. ऐकायला हे पवित्र वाटतं. पण पाच पवित्र डब्या एकापुढे एक लावल्या की मधल्या सगळ्या केबलची लांबी पुन्हा गिटारच्याच डोक्यावर. उलट 'फझ' नावाची जुनी फाटक्या आवाजाची पेडल अशी आहेत की त्यांना मागे गिटारच लागते, मध्ये बफर आला की ती रुसतात. तेव्हा कोणताच पंथ पूर्ण खरा नाही. १९७१ च्या 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. ती आजही कानात झणझणते, ती ऐकताना बायपासचा विचार कोणी केलाय?

मी दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये हे सगळं आमच्या शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मंग तुमी बफर हाव का बायपास?"

मी हसलो. पण प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा होईपर्यंत आमचा प्रत्येक कागद अकोल्याच्या टेबलावरून जायचा. तिथे कोणीतरी तो वाचून, दुरुस्त करून पुढे ढकलायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा लोक पैसे काढायला माझ्यापुढे उभे राहत. एखाद्या म्हातारीची सही जुळत नसली तर मी तिला ओळखत असे. आता रिसोडचा माणूस चहावाल्याला फोनवरून पैसे देतो. ते माझ्या बँकेतूनच जातात आणि मला पत्ता नसतो. बटण दाबलं, डबी बाजूला.

त्या रागातच मी ट्रू बायपासला पैसे नाकारले. चिरंजीवांनी जुन्या बाजारातून स्वस्तातलं बफरवालं पेडल आणलं आणि रांगेत सगळ्यांच्या पुढे लावलं.

गणपतीच्या आधी ते तीन दिवस अकोल्याला मामाकडे गेले. मंगळवारी रात्री घर झोपल्यावर मी हळूच त्यांच्या खोलीत गेलो. केबल लावली, आवाज बारीक केला आणि एक तार छेडली. मग पेडल काढून छेडली. पुन्हा लावून छेडली. फरक होता! कांस्याच्या वाटीला लाकडी चमचा लागावा आणि स्टीलचा लागावा, इतका स्वच्छ फरक. मी किती वेळ तसा बसलो होतो कोण जाणे. सौभाग्यवतीने खोकल्याचा आवाज काढला तेव्हा स्पीकर बंद करून निमूट झोपायला गेलो.

शुक्रवारी सकाळी पेडलमध्ये केबल तशीच खोचलेली दिसली. मी ती काढून ठेवली आणि विसरलो.

संध्याकाळी मंडळापुढे चिरंजीव उभे राहिले. पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्याच्या मध्यावर गिटार आधी घोगरी झाली, मग फाटली, मग गप्प. मागून कोणीतरी ओरडलं, "लाइट गेली काय बे?" लाइट होती. माईक चालू होता, ढोलकीवाला वाजवत होता, फक्त माझा मुलगा मुका उभा होता. त्याने खाली वाकून पहिली डबी उपटली, गिटार सरळ पुढच्या डबीत खोचली आणि वाजवत सुटला. टोन गेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर तो डबी उघडून बसला. या पेडलमध्ये केबल खोचलेली राहिली की आतली नऊ व्होल्टची बॅटरी आपोआप जळत राहते, आणि बॅटरी मेली की बफर काही पुढे जाऊच देत नाही. ट्रू बायपासचं तसं नाही, असं त्याने मला शांतपणे समजावलं.

"नवी बॅटरी इतक्यात कशी संपली, कळत नाही बाबा."

"कंपन्या हल्ली काहीही विकतात," मी म्हणालो.

शनिवारी पाटणी चौकातून चार बॅटऱ्या आणल्या आणि त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याने मोजल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

"चार कशाला?"

"असू दे."

त्याने एक बॅटरी डबीत बसवली, गिटार उचलली आणि म्हणाला, "बसा ना. पायाने तेवढं बटण दाबाल? मी वाजवतो, तुम्ही फरक सांगा. मागच्या वेळी कोणती तार छेडली होती तुम्ही?"