पणजोबा कोण होते?

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबें आम्हांस विचारूं लागलीं आहेत कीं, आपले मूळ पुरुष कोण व ते कोणत्या गांवचे? प्रश्न उत्तम आहे. मात्र त्याचें उत्तर ऐकण्याची पुष्कळांची तयारी नसते, हेंही आम्ही जाणतों.

माग काढावयाचा तर प्रथम बाप्तिस्म्याची वही उघडावी. अशी वही ठेवण्याचा नियम त्रेंतच्या धर्मसभेनें १५६३ मध्यें घातला. जुन्या नोंदींत नांवें लातिन वळणाचीं असतात. वहींतील ‘योसेफुस’ घरीं जन्मभर भागा किंवा लक्ष्या असूं शकतो. म्हणून एकट्या नांवावर विसंबूं नये. आईबाप, गांव व धर्मपिता हीं तिन्ही जुळवून पाहावीं. १९०८ पासून विवाहाची नोंदही बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं करण्याचा दंडक आहे. त्यामुळें लेक कोणत्या गांवीं दिली, हेंही कळतें.

वहीपलीकडे गांवचें दप्तर. आपल्या या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कॅथॉलिकांचे पूर्वज बहुतांशी महार व मांग होते. हें लिहितांना आमची लेखणी अडखळत नाहीं. शीव राखणें, सरकारी वसुलासोबत ठाण्यापर्यंत जाणें, टपाल पोहोंचविणें, मेलेलीं जनावरें ओढणें हीं महाराचीं वतनी कामें. त्यांबद्दल बलुतें व हाडोळ्याची जमीन. शिवेचा तंटा पडला म्हणजे त्याची साक्ष काढीत. ज्यास गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, त्याच्या शब्दावर गांवाची हद्द ठरे! हीं वतनें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. तेव्हांचे फेरफार तलाठ्याकडून मागून घ्यावे. वतनदारांचीं नांवें तेथें सांपडतात.

आतां दुष्काळाविषयीं. १८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेंत हाहाकार उडाला. दौंड–मनमाड रेल्वेच्या मातीकामावर हजारों कुटुंबें राबलीं. जर्मन येशूसंघीय फादर वाइसहाउप्ट यांचें मिशन राहुरी तालुक्यांतील केंदळ येथें सुरू झालें, तेंही १८७८ सालींच. यावरून कोणी म्हणतात कीं आपले पूर्वज धान्यासाठीं ख्रिस्ती झाले, आणि हें ऐकून आपलीं मुलें माना खालीं घालतात. भुकेल्यानें भाकरी घेतली, यांत लाज कसली? पुढें पाऊस पडला, पीक आलें, तेव्हां तो मनुष्य मिस्सेला येत राहिला कीं नाहीं, हें विचारावें. याचें उत्तर वहींत आहे: धाकट्या मुलांचे बाप्तिस्मे, लेकीचा विवाह, आणि १८९९–१९०० च्या दुसऱ्या दुष्काळानंतरच्या नोंदी. एखाद्या घराची नोंद एकाच तारखेवर थांबते. तीही खरी; ती झांकूं नये.

वही पाहावयास येतांना घरांतील सर्वांत वृद्ध आजीस बरोबर आणावें. वहींतलें नांव तिला ठाऊक नसेल, पण हाक मारण्याचें नांव तिच्याखेरीज कोणासच ठाऊक नसतें.