सरकी, डालडा आणि तिळाच्या तेलाचा पहारा

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली, की जीवनसत्त्वांच्या यादीखाली आणखी काही नावे दिसतात: स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट, कधी कधी ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल ऑइल’. हे शेवटचे नाव पुष्कळदा सरकीच्या तेलाचे असते. गोळी यंत्राला चिकटू नये म्हणून ते घालतात. औषधाबरोबर पोटात जाणाऱ्या या भरतीच्या पदार्थांविषयी आज जी शंका घेतली जाते, तिचा एक जुना अध्याय वऱ्हाडात घडला आहे. त्यात जीवनसत्त्व आहे, सरकी आहे आणि केवळ पकडले जाण्यासाठी घातलेला एक पदार्थही आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. अकोला, अमरावती, खामगाव येथे सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. रुई मुंबईच्या वाटेने निघून गेली. सरकी मात्र बहुतांशी इथेच राहिली. कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा सरकीचाच असतो, हे लक्षात घेतले म्हणजे मागे उरलेल्या ढिगाची कल्पना येते.

हा ढीग गव्हाणीत गेला. भिजवलेली सरकी आणि तिची ढेप हा वऱ्हाडी गोठ्याचा नित्याचा खुराक झाला. या मुलखाची स्वतःची म्हैस आहे. ग्रंथांत तिला नागपुरी म्हणतात, पण तिचे दुसरे नाव एलिचपुरी, म्हणजे आजच्या अचलपूरवरून पडलेले. सरकी खाणाऱ्या म्हशीचे तूप घट्ट आणि रवाळ होते, हे घराघरांत ठाऊक होते. हेच तूप पुढे प्रयोगशाळेत संशयित ठरणार होते.

तिकडे युरोपात १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. ही रीत भारतात आली ती थेट तुपाची जागा घ्यायला. लिव्हर कंपनीने १९३२ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला आणि १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आणला. पिवळा डबा, त्यावर माडाचे झाड. तुपासारखे दिसणारे आणि त्याहून कितीतरी स्वस्त असे हे ‘वनस्पती तूप’ पाहता पाहता लग्नघरांत आणि खानावळींत शिरले. वऱ्हाडही केवळ गिऱ्हाईक राहिला नाही. शेगावच्या बेरार स्वदेशी वनस्पती या कारखान्याचा तेथील नगरपालिकेशी कराबाबतचा वाद तर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

वनस्पतीवर मुख्य आक्षेप दोन होते, आणि त्यांची उत्तरे दोन वेगळ्या पदार्थांनी देण्यात आली.

पहिला आक्षेप पोषणाचा. गाईम्हशीच्या तुपात जीवनसत्त्व ‘अ’ असते. शुद्ध करून घट्ट केलेल्या तेलात ते नसते. ज्या घरात दूध-भाजीपाला बेताचा, त्या घरातले तूपही गेले तर रातांधळेपणाचे भय वाढणार. म्हणून वनस्पतीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये जीवनसत्त्व ‘अ’ची किमान २५ आंतरराष्ट्रीय एकके घालणे सक्तीचे झाले. वीस ग्रॅम वनस्पती खाणाऱ्याला त्यातून ५०० एकके मिळावीत, असा हा हिशेब. कढईत तळताना त्यातील काही भाग नष्ट होतो, ही गोष्ट मात्र कोणत्याही जाहिरातीत आली नाही. ‘जीवनसत्त्वयुक्त’ हा शब्द डब्याला प्रतिष्ठा देऊन गेला.

दुसरा आक्षेप भेसळीचा, आणि तो अधिक कडवट होता. वनस्पती वनस्पती म्हणून विकले गेले असते तर एवढा गदारोळ झाला नसता. ते तुपात मिसळून तुपाच्या भावाने विकले जात होते. महात्मा गांधींनी ‘हरिजन’मधून त्याविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर संसदेत ठाकुरदास भार्गव यांनी त्यावर बंदी घालण्याचा आग्रह धरला. बंदी आली नाही. मग वनस्पतीला रंग द्यावा, म्हणजे भेसळ डोळ्यांनाच दिसेल, अशी सूचना पुढे आली. रंग निरुपद्रवी हवा, उष्णतेने उडू नये आणि व्यापाऱ्याला तो काढूनही टाकता येऊ नये. या साऱ्या अटींना पुरा पडणारा रंग काही मिळाला नाही.

तेव्हा सरकारने अदृश्य रंगाचा मार्ग धरला: तिळाचे तेल. जर्मनीने १८९७ मध्येच मार्गारीनमध्ये तिळाचे तेल सक्तीचे केले होते. भारतात वनस्पतीत ते किमान ५ टक्के असलेच पाहिजे, असा नियम झाला. तिळाच्या तेलातील विशिष्ट घटकांची तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याशी गाठ पडली, की नळीतला आम्लाचा थर गुलाबी-किरमिजी होतो. ही बॉदुआँ कसोटी. तुपात तो रंग आला, की वनस्पतीची भेसळ उघड. गृहिणीला दिसणार नाही, जिभेला कळणार नाही, पण तपासनिसाला नळी हलवताच सांगेल, असा हा पहारेकरी डब्यातच बसवलेला होता. त्याचे तेथील काम पोषणाचे नव्हते, साक्षीचे होते. अर्थात, ज्याने नियम मोडून तीळ घातलेच नाहीत, त्याच्याविरुद्ध हा साक्षीदार मुका.

म्हणून तुपाला इतर कसोट्याही होत्या, आणि इथेच वऱ्हाड अडचणीत आला.

रायकर्ट-माइसल हा आकडा दुधाच्या स्निग्धांशातील लहान साखळीची, वाफेबरोबर उडून जाणारी आम्ले मोजतो. वनस्पतीत ती जवळजवळ नसतात. म्हणून आकडा खाली आला, की भेसळीचा संशय येतो. परंतु सरकी खाणाऱ्या जनावराच्या चरबीत खुराकातील लांब साखळीची आम्ले उतरतात आणि अस्सल तुपाचाही आकडा घसरतो. हॅल्फेन कसोटीची गंमत तर याहून क्रूर आहे. ती सरकीचे तेल ओळखते. सरकी खाल्लेल्या म्हशीच्या निर्भेळ तुपात तिचा लाल रंग उमटू शकतो; उलट त्याच सरकीच्या तेलाचे कारखान्यात वनस्पती केले, की हायड्रोजनच्या प्रक्रियेत ती खूण पुसली जाते. प्रामाणिक तूप पकडले जाणार आणि खरी भेसळ सुटणार!

कायद्याला शेवटी गव्हाणीकडे पाहावे लागले. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५५ पासून अमलात आला. त्याच्या नियमांतील तुपाच्या कोष्टकात महाराष्ट्रापुढे दोन ओळी दिसतात. सर्वसाधारण प्रदेशासाठी रायकर्ट-माइसल आकडा किमान २६; ‘कापूसपट्ट्या’साठी किमान २१. कापूसपट्टा म्हणजे जेथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर घालतात आणि राज्य सरकारने तसे जाहीर केले आहे, तो भाग. शुद्धतेची व्याख्या पिकाप्रमाणे बदलते, हे सरकारी कोष्टकाने मान्य केले. या सवलतीत लबाडीलाही फट राहिली: अधिक आकड्याचे तूप आणून त्यात तीळविरहित चरबी मिसळली, तरी २१ ची मर्यादा ओलांडता येते. तरीही सवलत योग्यच होती. ती नसती तर अचलपूरच्या गोठ्यातील निर्भेळ तूप कागदोपत्री भेसळीचे ठरले असते.

या साऱ्या वादात एक गोष्ट मोजायची राहूनच गेली. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयविकाराला हातभार लावतात. ती कोणी बाहेरून घातली नव्हती, म्हणून घटकांच्या यादीत त्यांना जागाच नव्हती. त्यांच्यावरील मर्यादा भारतात फार उशिरा आली आणि टप्प्याटप्प्याने कडक होत १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली. गोळ्यांत वापरले जाणारे सरकीचे तेल पूर्णपणे घट्ट केलेले असल्याने त्यात ट्रान्स मेद नगण्य उरतो. बाटलीवरील तेच नाव वाचून घाबरणाऱ्याने हा फरक ध्यानात घ्यावा.

अन्नभेसळीचा जुना कायदा जाऊन अन्नसुरक्षेचा नवा कायदा आला. त्याखालील २०११ च्या नियमावलीत तुपाचे कोष्टक पुन्हा छापले गेले, आणि महाराष्ट्राच्या नावापुढे ‘कापूसपट्टा’ ही ओळ तशीच होती.